कोन्याकमधला ‘रान्सिओ’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या कोन्याकच्या (फ्रान्समधल्या कोन्याक भागातल्या ब्रँडीच्या) वर्णनात ‘रान्सिओ’ हा शब्द हमखास येतो. कोशात ‘खवट’ असा अर्थ सापडतो, पण इथे तर तो कौतुकाने वापरलेला असतो. ‘मुरलेला’ चालेल का?

प्रतिसाद : ‘मुरलेला’ नको. मुरणं ही क्रिया आहे, रान्सिओ हा एक ठरावीक गंध आहे. बाटलीवर ‘एक्सओ’ हा जुन्या कोन्याकचा दर्जा लिहायला २०१८ पासून मद्याला किमान १० वर्षं ओकच्या पिंपात काढावी लागतात (आधी ६ होती). एवढी मुरलेली ब्रँडीही रान्सिओविना असू शकते. शिवाय फार जुनं मद्य पिंपातून काढून डेम-जान नावाच्या मोठ्या काचेच्या बरण्यांत भरतात. काचेत मुरणं थांबतं. त्यामुळे १९१० सालचं मद्य ६० वर्षं पिंपात असेल, तर ते ६० वर्षंच मुरलेलं.

प्रतिसाद : कोश चुकलेला नाही, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खवटच. रसायनही तेच आहे. तांब्याच्या भट्टीत वाइन दोनदा गाळताना यीस्टचा गाळ सोबत ठेवला, तर मेदाम्लं मद्यात उतरतात. पिंपाच्या लाकडातून झिरपणाऱ्या हवेने त्यांची वर्षानुवर्षं मिथाइल कीटोन बनत राहतात. बुरशी लागून खोबरं खवट होतं किंवा निळ्या चीजला वास येतो, तोही याच संयुगांमुळे. फरक प्रमाणाचा आणि सोबतच्या गंधांचा. पण मराठीत ‘खवट’ म्हणजे फेकून देण्याजोगं, म्हणून वर्णनात तो शब्द एकटा टाकू नये.

प्रश्न : मग चाखताना तो ओळखायचा कसा?

प्रतिसाद : ट्यूलिपच्या आकाराचा लहान ग्लास, २० मि.लि. मद्य, खोलीचं तापमान १८ ते २० अंश. फुगीर ग्लास तळहातावर ऊबवू नका. अल्कोहोलची वाफ आधी उसळते आणि नाक बधिर होतं. १५-२० मिनिटं तसंच ठेवा. मग न हलवता, काठापासून चार बोटं लांबून हुंगा. इथे फळं-फुलं भेटतात. हलकेच फिरवून काठाशी नाक न्या : अक्रोड, सुकी अळंबी, जुनं चामडं आलं तर तो रान्सिओ. पहिला घोट दोन-चार थेंबांचाच, जीभ सरावण्यापुरता. रिकामा ग्लास न धुता ठेवून तासाभराने पुन्हा हुंगा, तिथे तो स्वच्छ कळतो.

घोटाळा होतो तो बिघडलेल्या बुचाशी. त्याचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो आणि बाकीचे गंध मारून टाकतो. रान्सिओ त्यांना खोली देतो. बाटली उभीच ठेवावी, आडवी ठेवली तर तीव्र मद्य बूच खातं. गडद रंगावरून वय ठरवू नका, कॅरमेल घालायला कायद्याने मुभा आहे.

प्रश्न : म्हणजे भाषांतरात शेवटी काय लिहू?

प्रतिसाद : ‘रान्सिओ’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘पिंपात दीर्घकाळ मुरल्याने येणारा, अक्रोड-अळंबीच्या वळणाचा गंध’ एवढं जोडा, पुढे नुसता शब्द पुरेल.