'पर्जिंग' म्हणजे उपसा का?

भाषांतरवाली:
निरीक्षण विहिरीतून, म्हणजे भूजल तपासायला घेतलेल्या बोअरमधून, पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, त्याचं पत्रक मराठीत करून राहिली आहे. 'लो-फ्लो पर्जिंग', म्हणजे नमुन्याआधी पंपानं हळूहळू पाणी घेत राहणं, इथं गाडी अडली. शब्दकोशात विरेचन सापडतं. ते छापलं तर माणूस एरंडेल घेऊन साइटवर यायचा. सध्या 'मंद उपसा' लिहिलंय. चालेल?

खडकवाला:
नको. हा शब्द मला भोवलाय. नागपूरबाहेर एका कारखान्याच्या आवारात काम होतं. मदतनिसाला म्हटलं, मी मीटर घेऊन येतो, तोवर उपसा सुरू कर. येऊन पाहतो तर पंप बाजूला, आणि भाऊनं बेलरनं, म्हणजे दोरीनं सोडायच्या नळीनं, बोअर पार कोरडी केलेली. बादलीत दुधाच्या चहासारखं पाणी. "काहून रे?" तर म्हणे, "तुम्हीच तं म्हनलं साहेब, उपसा. उपसा म्हंजे तळ लागाले पायजे ना!"

त्याचं काय चुकलं? उन्हाळ्यात विहीर उपसतात ती गाळ काढायला, म्हणजे रिकामी करायलाच. इथं नेमकं उलटं हवं असतं. पंपाचं तोंड जाळीच्या पाइपाच्या, म्हणजे जिथून खडकातलं पाणी बोअरमध्ये येतं त्या भागाच्या, मधोमध सोडायचं आणि मिनिटाला साधारण १०० ते ५०० मिलिलिटर, एवढंच पाणी घ्यायचं. २०० वर लावलं तर एक लिटरची बाटली भरायला ५ मिनिटं. मोबाइल लावून मोजत बसा. विहिरीतली पातळी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरायला नको, म्हणून पातळी मोजायचा टेप सोडलेलाच ठेवायचा. जोरात ओढलं की गाळ ढवळतो, आणि मातीच्या कणांना चिकटलेलं लोह, मँगनीज नमुन्यात येतं. मग अहवालात जो आकडा येतो तो पाण्याचा नसतो, आपण केलेल्या ढवळाढवळीचा असतो.

आजीचा नातू:
मग 'शेंदणे' का नको? जुना, गोड शब्द आहे.

खडकवाला:
गोड आहे, पण त्यात दोर आहे, पोहरा आहे, हिसका आहे. बेलर म्हणजे तळाला झडप असलेला नळीचा पोहराच, तेव्हा त्याला 'शेंदणे' चपखल बसेल. आपल्याला तो हिसकाच टाळायचाय.

आजीचा नातू:
आजी रात्रीच्या पाण्याला शिळं म्हणायची, सकाळी माठ रिकामा करून ताजं भरायची. 'शिळं पाणी काढणे' कसं वाटतं?

खडकवाला:
वा! पाइपात साचून राहिलेल्या पाण्याला 'शिळं' याहून चांगला शब्द नाही, घ्याच. पण 'काढणे' जुन्या पद्धतीला लागू पडतं. तेव्हा विहिरीत असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून फेकत. मंद पद्धतीत वरचं शिळं पाणी वरच राहू देतात, त्याला हात लावायचा नाही. खडकातून जाळीत येणारं ताजं तेवढं अलगद घ्यायचं.

भाषांतरवाली:
म्हणजे क्रियापद 'ओढणे'? मोटर पाणी ओढते असं आपण बोलतोच की.

खडकवाला:
जमलं. 'हळू ओढणे'. फक्त कुठवर, तेही त्याच वाक्यात येऊ द्या. पाणी नितळ दिसलं म्हणून थांबायचं नसतं. ३ ते ५ मिनिटांनी एक, अशा लागोपाठ तीन नोंदी जुळायला हव्यात: सामू (pH) ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत. विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांपर्यंत चालतो. त्यालाच म्हणायचं पाणी 'स्थिरावलं'. आणि नमुना त्याच पंपानं, त्याच धारेत घ्यायचा. पंप काढून पुन्हा बेलर सोडला तर सगळी मेहनत वाया.

एक मात्र, आपल्या पश्चिमेकडच्या काळ्या खडकात भेगा बारीक असल्या की १०० मिलिलिटरलाही पातळी उतरत जाते. तिथं ही पद्धत टिकत नाही. पत्रकात तेवढी एक ओळ ठेवा.

भाषांतरवाली:
ठेवली. शीर्षक आता 'पाणी स्थिरावेपर्यंत हळू ओढणे व नमुना घेणे'. लांबलं, पण राहू द्या. 'नमुना'वर तरी कुणाचा आक्षेप नाही ना?

आजीचा नातू:
शब्दावर नाही. पण बोअर कोरडी करणारा तो भाऊही नमुनाच म्हणायचा.

खडकवाला:
तो आता पंपाशी खुर्ची टाकून बसतो. आज विचारलं, काय चाललंय? म्हणे, "पानी शिळं हाय अजून, साहेब. थांबा."