नाताळातली युरोप ग्रुप टूर: अनुभव आणि खाचाखोचा

केशरवेलची
माळा आवरताना व्हिएन्नाच्या नाताळ बाजारातला ग्लूवाइनचा (गरम मसालेदार वाइनचा) मग सापडला, म्हणून विषय काढतेय. जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा, 'खूप मज्जा आली' नको.

पहिला मुद्दा माझा. टूरच्या माहितीपत्रकात शहरं नंतर बघा, आधी तारखा. कोलोन कॅथेड्रलजवळचा बाजार 23 डिसेंबरला संपतो. न्यूरेम्बर्गचा आणि म्युनिकच्या मारिएनप्लात्झ चौकाचा 24 ला दुपारी आवरतो. व्हिएन्नाचा राटहाऊससमोरचा (नगरभवनासमोरचा) 26 पर्यंत, प्रागच्या जुन्या चौकातला 6 जानेवारीपर्यंत असतो. शाळांना सुट्टी लागल्यावर निघणाऱ्या टूरने जर्मनी शेवटी ठेवली असेल, तर मिटलेले स्टॉल बघून या. जर्मनी आधी, प्राग शेवटी असाच क्रम हवा.

चिंचगूळ
24 ला दुपारी दोनच्या सुमाराला जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानांची शटरं खाली. 25, 26 दोन्ही सुट्ट्या. पाणी, दूध, क्रोसिन 23 लाच घ्या. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं. लंडनला 25 ला ट्यूब-बस काही नाही. पॅरिसचं लूव्र म्युझियम 25 ला बंद (मंगळवारीही), आयफेल चालू. व्हॅटिकन म्युझियम 25 आणि 26 बंद.

पेठकर
आणि दिवेलागण चार वाजता! व्हिएन्ना-प्रागला उजाडतं पावणेआठ-आठला. जेवण लांबवून 'साइटसीइंग' तीनला सुरू केलं की अंधारच बघायचा. राजवाडे, बागा सकाळी, बाजार संध्याकाळी, असं टूर मॅनेजरला आधीच सांगा.

बारकेबुवा
टूर मॅनेजर 'पाच मिनिटं उशीर' म्हणून का ओरडतो ते सांगतो. बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावंच लागतं, रात्री साधारण 11 तास विश्रांती. टॅकोग्राफवर (बसमधल्या नोंदयंत्रावर) सगळं नोंदलं जातं, दंड मोठा. सकाळी आपण फोटोत घालवलेला अर्धा तास संध्याकाळच्या कार्यक्रमातून कापला जातो.

केशरवेलची
@बारकेबुवा हे छापून प्रत्येक सीटवर चिकटवा 😄

सुईदोरा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. थर्मल, फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट नको, आत हीटर इतका असतो की घाम फुटतो आणि तोच घाम बाहेर गार पडतो. सुती मोजे नको, लोकरी. दोन मोजे घालून बूट घट्ट झाला तर पाय जास्तच गारठतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा. बर्फाची खात्री नाही, ओल्या दगडी फरशीची आहे. तळवा खाचांचाच हवा.

मेतकूटभात
शाकाहारींसाठी: केझेश्पेत्झले (चीजमधल्या छोट्या शेवया म्हणा, पण त्यात अंडं असतं), भाजलेली चेस्टनट, बदाम. बटाट्याच्या कार्टोफेलपुफरमध्येही बहुतेकदा अंडं असतं. क्नोडल (उकडलेले गोळे) विचारूनच, आत बेकन असू शकतं. मुलांना ग्लूवाइन नाही, किंडरपुन्श (बिनदारूचं गरम पेय) मागा. भारतातून पेढे, बर्फी, पनीर, तूप नेऊ नका. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. चिवडा, चकली, थेपले चालतात.

पेठकर
मग बेसनाचे लाडू?

मेतकूटभात
काका, ते विमानातच संपवा.

हिशेबी
ऑस्ट्रियातल्या वाटेन्सला स्वारोव्स्कीच्या स्फटिकांची खरेदी करणाऱ्यांनो, इथे फसतात लोक. ऑस्ट्रियात एका पावतीवर 75 युरोंपेक्षा जास्त खरेदी असेल तर करपरताव्याचा फॉर्म मिळतो. पण त्यावर कस्टम्सचा शिक्का युरोपीय संघाबाहेर पडताना लागतो. पुढे स्वित्झर्लंड असेल तर ती हद्द रस्त्यावरच ओलांडली जाते, आणि वाटेत लिख्टेनश्टाइन असेल तर त्याच्याही आधी. झुरिक विमानतळावर शिक्का मिळत नाही. आदल्या रात्रीच टूर मॅनेजरला सांगून कस्टम्सला थांबा मागा. वस्तू न वापरलेली आणि हाताशी ठेवा, बसच्या पोटातल्या बॅगेत नाही.
शिवाय प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, स्वित्झर्लंडला फ्रँक. कार्डाच्या मशीनने 'रुपयांत?' विचारलं तर नाही म्हणा, दर महाग लावतात. टॉयलेटसाठी 50 सेंट आणि 1 युरोची नाणी वेगळी ठेवा.

चिंचगूळ
स्वित्झर्लंडच्या टिटलिस डोंगरावरची केबल कार जोरदार वाऱ्यात बंद ठेवतात. बदली ठिकाण कोणतं, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

पेठकर
केशरवेलची, तो मग ढापलेला नाही ना?

केशरवेलची
नाही हो काका! पेय घेताना मगासाठी तीन ते पाच युरो अनामत घेतात. मग परत दिला नाही की अनामत गेली आणि तो मग आपला. आता त्यात चमचे ठेवलेत.