मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन पेपर 2 ला नुसत्या योजना पाठ करून भागत नाही

एका भाऊने विचारलंय की या पेपरातल्या सामाजिक न्यायाला योजनांची यादी अन् परराष्ट्र संबंधाला रोजचा पेपर एवढं पुरेल का, तर भाऊ, नाही पुरत. योजना कुठे अडते ते लिहावं लागतं, अन् आपल्या खान्देशात तर उदाहरणं दारातच आहेत. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याचं बघा, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला (आदिवासी) भाग, तिथे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली वनजमिनीचा दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती असा जातो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो अन् कागद नसला तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. हे किती जण लिहितात? 150 शब्दांत एवढं बसवलं तरी उत्तर उठून दिसतं.

परराष्ट्रचं पण तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं टॅरिफ (आयात शुल्क) 50 टक्क्यांवर नेलं, त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं. कापड निर्यात वाचवायची की कापूसवाला शेतकरी, हा पेच पकडा, नुसती शिखर परिषदांची नावं नको.

धुळ्यात कोणी उत्तरं लिहून एकमेकांची तपासायचा ग्रुप करत असेल तर सांगा, मी येतो.