पोलीस शिपाई भरतीला उतरावे की उपनिरीक्षक पदासाठी थांबावे?

प्रश्न (जत तालुका, २३ वर्षे, विज्ञान पदवीधर)

नमस्कार. माझी उंची १५८ सेंटिमीटर असल्यामुळे शिपाई पदाची १५५ आणि उपनिरीक्षक पदाची १५७ अशा दोन्ही अटींत मी बसते. आठशे मीटर धावणे मला जमते, गोळाफेक मात्र अजून कच्ची आहे. वडिलांच्या मते वर्दी मिळणे महत्त्वाचे, पद नंतर पाहता येईल. मला मात्र मैदानापेक्षा पुढच्या तीस वर्षांच्या कामाची चिंता अधिक वाटते, कारण आमच्या घरी किंवा नात्यात कोणीच या खात्यात नाही. प्रत्यक्ष काम कसे असते, हे कोणी मोकळेपणाने सांगेल का?

उत्तर १ (पोलीस हवालदार, ग्रामीण ठाणे)

ताई, भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत आणि १०० गुणांच्या लेखी परीक्षेत जे तपासले जाते, त्याचा रोजच्या कामाशी संबंध थोडाच आहे. ठाण्यातील बराचसा वेळ स्टेशन डायरी, समन्स बजावणे, पंचनामे, आरोपीला न्यायालयात नेणे आणि बंदोबस्त यांत जातो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता (तपास व अटकेची कार्यपद्धती ठरवणारा कायदा) लागू झाल्याने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यामुळे नीट लिहिणाऱ्या आणि कागद सांभाळणाऱ्या माणसाची किंमत वाढली आहे. ज्यांना लिखाणाचा कंटाळा आहे, त्यांनी या नोकरीचा विचार दोनदा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (महिला अंमलदार)

वरील उत्तरात एक गोष्ट राहिली. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी लागते, लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावा लागतो, आणि स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची झाल्यास, तीही अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकारी लागते व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हे नियम योग्यच आहेत. परंतु ज्या ठाण्यात महिला मोजक्याच असतात, तेथे कामाची पाळी संपल्यावरही बोलावणे येते. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांची पाळी बाराऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश दिला, तरी गणेशोत्सव आणि निवडणुका आल्या की घड्याळाकडे कोण पाहतो? असे असले तरी, घाबरून आलेली एखादी मुलगी केवळ समोर बाई आहे म्हणून बोलू लागते, हे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही नोकरीत मिळाले नसते.

उत्तर ३ (स्पर्धा परीक्षेचा उमेदवार)

शिपाई होऊन उपनिरीक्षक पदासाठी लोकसेवा आयोगाचा अभ्यास चालू ठेवू, असे बरेच जण ठरवतात. बंदोबस्ताच्या महिन्यांत तो कितपत होतो, हे वरील दोघेच सांगू शकतील. दुसरीकडे, शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून आणि उपनिरीक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. हा फरक मोठा असला तरी आयोगाच्या परीक्षेत किती वर्षे जातील, याची खात्री कोणी देत नाही. आपल्या वयाचा विचार करता मी शिपाई भरतीचा अर्ज सोडणार नाही.

उत्तर १ (पुन्हा)

अभ्यास होतो, परंतु मुख्यालयात नेमणूक असेल तर; ठाण्यात फार कठीण. आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे शिपाई हा त्या जिल्ह्याचा किंवा आयुक्तालयाचा असतो आणि त्याच्या बदल्या साधारणपणे तेथेच होतात, तर उपनिरीक्षकाला राज्यात कोठेही, अगदी गडचिरोलीलाही, जावे लागू शकते. शिपाई पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात, अर्ज करता येतो. म्हणून सांगली, सोलापूर की एखादे आयुक्तालय, हे जागांच्या संख्येवर न ठरवता तेथे अनेक वर्षे राहता येईल का, हे पाहून ठरवा.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांचे आभार. लिखाणाची मला आवड आहे आणि रात्रीच्या बोलावण्याची तयारीही आहे, त्यामुळे सांगली जिल्ह्यातून शिपाई पदासाठी अर्ज करते. मुख्यालयातील नेमणूक कशी ठरते, याबद्दल हवालदार साहेबांनी सवडीने लिहावे, ही विनंती.