मँचेस्टरची सेमीफायनल ४५ मिनिटांत हरलो हे मला पटत नाही

स्क्वेअरलेग
२०१९ वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये न्यूझीलंडकडून १८ रन्सनी हरून आठवडा होत आला, १४ जुलैची फायनलही होऊन गेली, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मॅचनंतर विराट म्हणाला की ४५ मिनिटं खराब क्रिकेट झालं आणि आपण बाहेर पडलो. सगळे तेच धरून बसलेत. मला नाही पटत. त्या ४५ मिनिटांत जे उघडं पडलं ते गेली दोन वर्षं सगळ्यांना दिसत होतं.

५ वर ३ विकेट. रोहित १, विराट १, राहुल १. ठीक आहे, टॉप ऑर्डर एखाद्या दिवशी जाते, रोहितने याच वर्ल्डकपमध्ये पाच सेंच्युरी मारल्यात, ६४८ रन्स केलेत, त्याला काय बोलणार. पण ती गेल्यावर पुढे कोण उभा राहणार याचं उत्तर आपल्याकडे सेमीफायनलच्या सकाळीही नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाच विराट सांगत होता की चार नंबरला रायुडू मिळालाय. एप्रिलमध्ये टीम आली तर रायुडू नाही, विजय शंकर, का तर तो बॅटिंग बोलिंग फिल्डिंग तिन्ही करतो. मग वर्ल्डकपमध्ये चारवर आधी राहुल, धवनचा अंगठा गेला म्हणून राहुल वर ओपनिंगला, मग हार्दिक, मग शंकर, शंकरच्या पायाला लागलं मग पंत, जो मुळात १५ जणांत नव्हताच! एका वर्ल्डकपमध्ये एका जागेवर चार माणसं आणि सेमीफायनलला ५ वर २ असताना २१ वर्षांच्या पोराला आत पाठवायचं. आणि ३५० वन-डे खेळणारा धोनी सात नंबरला. हे ४५ मिनिटांत ठरलेलं नाही.

चौथा स्टंप
पूर्ण असहमत. तुम्ही चार नंबरवर इतकं लिहिलंत आणि न्यूझीलंडचे फास्ट बोलर हेन्री-बोल्ट यांचं नावसुद्धा घेतलं नाहीत. पावसाने मॅच दुसऱ्या दिवशी, म्हणजे रिझर्व्ह डेला गेलेली, ढगाळ हवा, नवा बॉल, आणि हेन्रीने काय टाकलं ते बघितलंत ना? १० ओव्हर, ३७ रन्स, ३ विकेट. १० ओव्हरनंतर आपण २४ वर ४, अख्ख्या वर्ल्डकपमधला सगळ्यात कमी पॉवरप्ले. त्याआधीचा सगळ्यात कमी कुणाचा होता? आदल्या दिवशीचा न्यूझीलंडचाच, २७ वर १. म्हणजे पिच दोघांनाही तसंच होतं, विल्यमसनने ९५ बॉल खाऊन ६७ केले, टेलरने ९० मध्ये ७४, दोघांनाही घाई नव्हती. आपल्याला २४० करायचे होते, ३४० नाही.

आणि नवा बॉल हे आपलं जुनं दुखणं आहे. २०१७ ची चॅम्पियन्स ट्रॉफी फायनल, पाकिस्तानच्या आमिरने रोहित, विराट, धवन तिघांना उचललं आणि आपण १५८ ला ऑल आउट. ३१ जानेवारीला हॅमिल्टनला बोल्टच्या ५ विकेट, आपण ९२. मे महिन्यात ओव्हलला वॉर्म-अप, पुन्हा बोल्टच्या ४, आपण १७९. विराटच्या तीन वर्ल्डकप सेमीफायनल बघा, २०११ ला ९, २०१५ ला १, आता १, आणि बोलर वहाब, जॉन्सन, बोल्ट, तिघेही डावखुरे. चार नंबरला कुणीही असता तरी पहिले तीन जण ५ रन्सवर परत आल्यावर तो काय करणार होता?

स्क्वेअरलेग
काय करणार होता ते याच वर्षी ३ फेब्रुवारीला वेलिंग्टनला दिसलंय की. समोर हेच हेन्री आणि बोल्ट, आपण १८ वर ४, सेमीफायनलपेक्षाही वाईट अवस्था. तिथून २५२ केले आणि ३५ रन्सनी जिंकलो. ९० रन्स कुणाचे? रायुडूचे. पाच महिन्यांत तो माणूस घरी आणि सेमीफायनलच्या आठवडाभर आधी रिटायर. शंकर जखमी झाल्यावरसुद्धा स्टँडबायमधल्या रायुडूला न बोलावता मयंक अगरवालला बोलावलं, जो तोवर एकही वन-डे खेळला नव्हता.

चौथा स्टंप
वेलिंग्टनचं अर्धंच सांगताय. त्या दिवशी रायुडूबरोबर उभं राहून ४५ कुणी केले? विजय शंकरने. ज्याला घेतलं म्हणून तुम्ही चिडलाय त्यानेच. आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध घरच्या सिरीजमध्ये रायुडू चालला नाही म्हणून त्याला काढला, सिलेक्टरनी हवेतून निर्णय घेतला नव्हता.

मिडविकेटची मनीषा
मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं कारण तुम्ही दोघंही २४ वर ४ नंतरच्या वीस ओव्हर सोडूनच देताय. पंत आणि हार्दिक दोघेही सेट झाले होते. दोघांचेही ३२. दोघेही त्यांचा स्पिनर सँटनरला हवेत मारायला गेले आणि आउट. पंत गेला तेव्हा ७१ वर ५, म्हणजे १६३ बॉलमध्ये १६९ हवे होते. जवळजवळ बॉलला रन! तिथे सिक्सची गरजच काय होती? सँटनरने १० ओव्हरमध्ये ३४ दिले आणि ते त्याने काही जादू करून नाही, आपण त्याला एक-एक रन काढलाच नाही म्हणून. स्ट्राइक फिरवायची सोडून डॉट, डॉट, डॉट आणि मग वैतागून उंच शॉट. आमच्या घरी माझे सासरे ओरडत होते की अरे खालून खेळ, आणि ते बरोबरच होते. हे चार नंबरचं पण नाही आणि नव्या बॉलचं पण नाही, डोकं शांत ठेवण्याचं आहे.

स्क्वेअरलेग
मनीषाताई, तुम्ही माझीच बाजू मांडताय. डोकं शांत ठेवणारा माणूस पॅड बांधून आत बसलेला होता ना. कार्तिकने २५ बॉलमध्ये ६ केले आणि नीशमने एका हाताने तो कॅच घेतला. त्या जागी धोनी आला असता तर पंत दुसऱ्या टोकाला शिकत शिकत खेळला असता, सचिन, गावस्कर, गांगुली सगळे हेच म्हणाले.

रनरेट
धोनीला इतक्यात देव करू नका. आधी आला असता तर काय केलं असतं, जे अफगाणिस्तानविरुद्ध केलं तेच ना, ५२ बॉलमध्ये २८? सेमीफायनलला ७२ बॉलमध्ये ५०, त्यात एक फोर आणि एक सिक्स, आणि तो सिक्स ४९व्या ओव्हरमध्ये. मॅच जडेजाने ओढून आणली. ५९ बॉलमध्ये ७७. ज्याला कॉमेंट्रीवाले मांजरेकर तुकड्यातुकड्यांचा खेळाडू म्हणाले त्याने १० ओव्हरमध्ये ३४ दिले, टेलरला डायरेक्ट हिटने उडवलं आणि मग ही बॅटिंग. त्याला लीगच्या शेवटच्या मॅचपर्यंत बाहेर बसवलं होतं, धागा यावर हवा होता. एका टोकाला तो जीव तोडून मारतोय आणि दुसऱ्या टोकाला एक-एक रन, त्यामुळे शेवटी सगळं जडेजावर आलं आणि तो गेला तेव्हा १३ बॉलमध्ये ३२ हवे होते.

लाँगऑनवरून
रनरेट, जरा थांबा. ९२ वर ६ होते हो. समोर धोनी नसता तर जडेजा असा मोकळा खेळलाच नसता, तो प्रत्येक ओव्हरनंतर त्याच्याशी बोलत होता ते सगळ्यांनी बघितलं. ११६ ची पार्टनरशिप १०४ बॉलमध्ये झाली, त्याला हळू म्हणता? त्याच्यामागे भुवी, चहल, बुमरा होते, तिथे धोनी आधी मारायला जाऊन आउट झाला असता तर आपण १५० ला संपलो असतो आणि तुम्हीच म्हणाला असता की घाई कशाला केली. ४९व्या ओव्हरचा पहिला बॉल पॉइंटच्या वरून सिक्स, गणित त्याच्या डोक्यात पक्कं होतं. गप्टिलचा तो थ्रो स्टंपला लागला नसता तर ९ बॉलमध्ये २४ आणि क्रीझवर धोनी, मला अजूनही वाटतं जिंकलो असतो. तो रनआउट मी परत बघितलेला नाही, बघवत नाही.

रनरेट
भावना समजते पण ९ बॉलमध्ये २४ वर मॅच नेलीच का हा माझा मुद्दा आहे. समोर शेवटची ओव्हर नीशमची होती म्हणून तिथपर्यंत न्यायची असेल तर तो जुगार झाला. धोनीने आयुष्यभर तो जिंकला, या वेळी नाही.

गुडलेंग्थ
शमीबद्दल कुणीच बोलत नाहीये? ४ मॅचमध्ये १४ विकेट, त्यात एक हॅटट्रिक, आणि सेमीफायनलला बाहेर!

चौथा स्टंप
शमीवर मीही चिडलो होतो, पण त्याच्या जागी खेळलेल्या भुवीने ४३ मध्ये ३ घेतल्या. न्यूझीलंडला २३९ वर ठेवलं, बोलिंगमुळे हरलो असं म्हणताच येणार नाही.

स्क्वेअरलेग
बरोबर, बोलिंगला हात लावू नका. माझं परत तेच. केदार जाधवला वर्ल्डकपच्या मध्येच काढून कार्तिक आणला, (आमच्या पुण्याचा म्हणून नाही म्हणत, तोही चालत नव्हताच) पण आठवड्यावर सेमीफायनल आणि मिडल ऑर्डरमध्ये कोण कुठे येणार हे आत जाणाऱ्यालाही माहीत नाही. कोच शास्त्री म्हणतात की धोनीला सातवर पाठवायचा निर्णय सगळ्या टीमचा होता. असेल. म्हणजे पंत, कार्तिक, हार्दिक यांच्यातल्या कुणावरच पूर्ण भरवसा नव्हता म्हणून धोनीला शेवटासाठी राखून ठेवलं, आणि तो भरवसा नव्हता कारण चार-पाच नंबरला कुणालाच सलग वीस मॅच दिल्या नाहीत. आता वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी टीम निवडतील. एक माणूस घ्या, चारवर ठेवा, तीन मॅच फेल गेला तरी काढू नका.

चौथा स्टंप
ठेवा की, चारवर एकच माणूस ठेवा, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण आमिर, बोल्ट, उद्या स्टार्क, नव्या बॉलवर डावखुरा आत आणायला लागला की आपले पहिले तीन काय करणार यावर नेटमध्ये कोण बसणार आहे? बोल्टकडून सहा महिन्यांत तीनदा मार खाल्ला, हॅमिल्टन, ओव्हल, मँचेस्टर. पहिल्या दोन वेळी आपण तो एखादा वाईट दिवस म्हणून सोडून दिला.