खारघर नवी मुंबईत येतं का?
काही जण म्हणतात की खारघर 'खरी' नवी मुंबई नाही, ते पनवेल. महापालिकेच्या नकाशावर हे बरोबर आहे. पण शहराची हद्द आणि महापालिकेची हद्द इथे कधी एक नव्हतीच.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्यानंतर आखलेल्या शहरात ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांमधली ९५ गावं होती. खारघर, कळंबोली, उलवे सगळं त्यात आलं. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिका सुरू झाली ती फक्त ठाणे जिल्ह्यातल्या भागापुरती, दिघा-ऐरोली ते बेलापूर. खारघर, कामोठे सिडकोकडेच राहिले आणि २०१६ मध्ये पनवेल महापालिकेत गेले. म्हणून बेलापूरहून पुढचं स्टेशन आलं की जिल्हाही बदलतो.

मला मात्र तिसरी हद्द जास्त महत्त्वाची वाटते, गावठाणाची, म्हणजे गावातल्या जुन्या घरवस्तीची. तिचा उल्लेख या वादात सहसा कोणी करत नाही. माझं माहेर घणसोली गावातलं. शेतं शहरासाठीच्या भूसंपादनात गेली, गावठाणाची रेघ जुनीच राहिली, घरातली माणसं वाढली. मुलांनी शेजारच्या मोकळ्या जागेत खोल्या बांधल्या आणि त्या कागदावर अतिक्रमण ठरल्या! संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळते तीसुद्धा १९८४ च्या, उरण तालुक्यातल्या जासई-दास्तान फाट्याच्या शेतकरी आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेल्यानंतर. सेक्टरचे नंबर नंतर आले, आधी ही गावं होती. घणसोलीत आजही आमची आळी कुठे संपते ते सेक्टरच्या पाटीवरून नाही, गावदेवीच्या देवळावरून सांगतात.