सुखी, आनंदी की समाधानी?

कोरांटी: एका सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही किती हॅपी आहात?’ असा प्रश्न आहे. मराठीत काय लिहावं? तिन्ही शब्द समानार्थी धरले तर चालेल का?

मोडीवाचक: नाही चालणार. प्रत्यय बघा. सुख कशा‘त’ असतं, आनंद कशा‘चा’ होतो, समाधान कशा‘ने’ होतं किंवा कशा‘वर’ मानलं जातं. माणूस कशामुळे खूश असतो याची तीन उत्तरं भाषेनेच देऊन ठेवली आहेत: सुख परिस्थितीत, आनंद घडलेल्या गोष्टीचा, समाधान अपेक्षेच्या मापाने. ‘एवढ्यावर समाधान मान’ म्हणताना परिस्थिती तीच राहते, माप तेवढं लहान होतं. शिवाय सुख भोगतात, आनंद लुटतात. समाधान भोगताही येत नाही न् लुटताही.

आसकणा: ऋग्वेदात (१.२०.३) ‘सुखं रथम्’ आहे, म्हणजे तिथे सुख हे रथाचं विशेषण. ‘ख’ म्हणजे चाकातलं आसाचं भोक. ते नीट असेल तर रथ गचके देत नाही. काही अभ्यासक मात्र ‘सुख’ हे ‘सुस्थ’चं प्राकृत रूप मानतात. ‘सुखरूप पोचलो’ला पहिली व्युत्पत्ती शोभते, एवढंच.

कोरांटी: छान, पण मी लिहू काय?

अबोली: आधी मोजायचं काय ते ठरवा. ‘सर्वांत आनंदी देश फिनलंड’ ही बातमी २०१८ पासून दरवर्षी येते. ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ या वार्षिक अहवालातला तो क्रम शिडीच्या प्रश्नावर लागतो: तळाला ० म्हणजे वाईटात वाईट आयुष्य, वर १० म्हणजे उत्तमात उत्तम; तुम्ही आज कितव्या पायरीवर? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात. यात आनंद आला कुठे? हे समाधान. उत्पन्न, अडीनडीला धावून येणारं माणूस, निरोगी आयुर्मान वगैरे सहा घटक देशादेशांतला फरक समजावायला नंतर लावतात. त्यांची बेरीज करून क्रमांक काढत नाहीत. बातम्या इथे हमखास चुकतात.

‘काल हसलात का, काल काळजी वाटली का?’ हा वेगळा प्रश्न, तो आनंदाचा. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांना २०१० मध्ये अमेरिकेत दिसलं की शिडीवरचं उत्तर उत्पन्नाबरोबर चढत राहतं, पण कालच्या भावना वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे फारशा सुधारत नाहीत. २०२३ च्या फेरतपासणीत, ज्यात कानेमनही होते, हे थांबणं सर्वांत दुःखी गटापुरतंच निघालं.

तेव्हा शिडीला ‘समाधानी’, कालच्या दिवसाला ‘आनंद वाटला का’. ‘सुखी’ टाळा, लोक घरदार आणि पगार सांगू लागतात. ‘आनंदी आहात का’ विचारलंत तर स्वभावाचं उत्तर येतं. एकूण आयुष्याचा प्रश्न सगळ्यांत आधी. संसाराबद्दल आधी विचारलं की त्याचा रंग पुढच्या उत्तरावर चढतो. मसुदा दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून घ्या, मग पाचसहा जणांना ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारा.

आसकणा: हिंदी प्रश्नावलीवरून उचलत असाल तर जपून. तिथे ‘समाधान’ म्हणजे तोडगा. आपल्याकडे तो अर्थ ‘शंकासमाधाना’पुरता उरलाय.

मोडीवाचक: आणि शेऱ्याच्या रकान्यात कोणी ‘आनंदी आनंद आहे’ लिहिलं, तर कृपया १० धरू नका.